जनुक शेतात उतरतं तेव्हा

सिंथेटिक बायोलॉजीबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात बोस्टन आणि कॅलिफोर्निया असतं, विदर्भ नसतो. मला ते खटकतं. एका जिवाचं जनुक दुसऱ्या जिवात बसवायचं, तो नवा जीव उघड्या रानात लाखो हेक्टरवर लावायचा आणि पुढे वीस-बावीस वर्षं त्याचे परिणाम झेलायचे, हा अनुभव जगातल्या फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आला आहे. आपल्या वाट्याला तो बीटी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, रूपाने आला. त्याचा शास्त्रीय हिशेब ठेवणारी केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात, वर्धा रोडवरच्या पांजरीला आहे. नागपूरच्या सक्करदऱ्यात बसून या विषयावर लिहायचं तर मी तिथूनच सुरुवात करणार.

काटेकोर माणूस म्हणेल की बीटी कापूस ही जनुक-अभियांत्रिकी झाली, सिंथेटिक बायोलॉजी त्याच्या पुढची. ते खरं आहे. १९७८ साली मानवी इन्सुलिनचं जनुक जिवाणूत बसवण्यात यश आलं आणि १९८२ मध्ये ते इन्सुलिन औषध म्हणून मान्य झालं, तेव्हा एका वेळी एकच जनुक हलवलं जात होतं. २००० च्या सुमारास संशोधक अनेक जनुकं जोडून पेशीत ठरावीक वेळाने चालू-बंद होणाऱ्या साखळ्या बसवू लागले. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या चमूने एका जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच रसायनांपासून तयार करून दुसऱ्या पेशीत चालवून दाखवला. आता प्रथिनांचे आराखडे संगणकावर तयार होतात आणि डीएनएचे तुकडे मागणीप्रमाणे बनवून मिळतात. तरीही दोन्हींमधली सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही. बीटी कापसातलं जनुक मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं असलं, तरी ते जसंच्या तसं उचललेलं नव्हतं. वनस्पतीत ते भरपूर प्रथिन बनवेना, म्हणून त्याचा क्रम प्रयोगशाळेत बराचसा नव्याने लिहावा लागला होता.

ते प्रथिन करतं काय? बोंडअळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात प्रथिन विरघळतं, आतड्याच्या आवरणाला चिकटतं, तिथे छिद्रं पडतात आणि अळी मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि प्रथिनाला चिकटायची ती जागाही आपल्याकडे नसते. तत्त्व सुंदर आहे, यात मला शंका नाही. २६ मार्च २००२ ला केंद्राच्या समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना मंजुरी दिली. महिको म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात उभी केलेली कंपनी, जनुक मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचं. त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातेत ‘नवभारत १५१’ हे विनापरवाना बीटी वाण शेतात सापडलं होतं आणि सरकार ते पीक उपटायला निघालं, तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले होते. पुढच्या काही वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेलं. २००७-०८ च्या सुमारास रुईची सरासरी हेक्टरी साडेपाचशे किलोच्या आसपास पोचली. त्याचं श्रेय एकट्या जनुकाला देता येत नाही. गुजरातचं सिंचन, नवी संकरित वाणं आणि बीजप्रक्रियेची औषधंही त्यात होती. पण हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर घटल्या, हे मान्य केलंच पाहिजे.

घात झाला तो गुलाबी बोंडअळीने. ही अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. म्हणजे शिवारभर बीटीच असेल, तर तिच्या प्रत्येक पिढीची गाठ त्याच विषाशी पडते आणि त्यातून वाचणाऱ्या अळ्यांचीच प्रजा वाढते. हे होणार याची शास्त्रज्ञांना कल्पना होती. म्हणून साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत एकशे वीस ग्रॅम नॉन-बीटी बियाणं दिलं जाई. ते शेताच्या कडेने लावायचं, तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती पातळ होत जाईल, असा हिशेब होता. पाच-सात एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला अळीसाठी ओळी सोडायला कोणत्या भरवशावर सांगायचं? कित्येकांनी ते छोटं पाकीट उघडलंच नाही. त्यात सरकीचं नॉन-बीटी बियाणं काय दर्जाचं निघेल, याची खात्री नव्हती. २०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला अळी दाद देत नसल्याचं खुद्द मोन्सँटोने जाहीर केलं. दोन जनुकांचं बोलगार्ड-२ तेव्हा बाजारात होतंच. काही वर्षांत तेही निष्प्रभ झालं. २०१७ च्या हंगामात विदर्भात डोमकळ्या, म्हणजे अळीने मिटवलेली फुलं, आणि किडकी बोंडं गावोगाव दिसली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. डोक्याएवढी दाट पऱ्हाटी, दमट उकाडा, दोन-तीन औषधांचं मिश्रण आणि अंगावर संरक्षण काहीच नाही. ज्या तंत्रज्ञानाने फवारणी कमी होईल असं सांगितलं होतं, त्याच तंत्रज्ञानाच्या पिकात माणसं फवारणीने मेली, ही गोष्ट विदर्भाने विसरू नये.

यात जनुकाचा दोष किती? माझ्या मते थोडा. अमेरिकेत ॲरिझोना आणि शेजारच्या राज्यांत हेच जनुक, नांगरट आणि निर्जंतुक केलेल्या पतंगांचे थवे सोडणं यांची सांगड घालून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. चीनमध्ये संकराच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं वापरात असल्याने शेतातच बीटी आणि बिगरबीटी झाडं मिसळलेली राहिली आणि अळीचा प्रतिकार आटोक्यात राहिला. आपण मात्र बीटी जवळजवळ फक्त संकरित वाणांत आणलं. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, झाडं विरळ लावावी लागतात, हंगाम लांबतो आणि वर फरदड घेतली, म्हणजे तेच पीक पुढे राखलं, की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत अळीला घर मिळतं. डॉ. केशव क्रांती पांजरीच्या संस्थेचे संचालक असताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा मांडत होते: कमी कालावधीचं सरळ वाण, दाट लागवड, डिसेंबरअखेर शेत रिकामं. हा सल्ला अळीच्या जीवनक्रमातून आला होता. बियाणं विकणाऱ्यांना त्यात फायदा नव्हता, म्हणून तो मागे पडला, असं मला वाटतं.

सार्वजनिक संस्थेने पर्याय देण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्याची कथा वेदनादायक आहे. पांजरीच्या संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण तयार केलं. शेतकऱ्याने बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरावं, असा त्याचा हेतू. २००८ मध्ये मंजुरी मिळाली, पुढच्या हंगामात बियाणं शेतात गेलं आणि लगेच परत घ्यावं लागलं. त्यात मोन्सँटोच्या बोलगार्डमधला जनुकबंध आढळला. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सोपोरी समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला, त्याने सरकारी प्रयोगशाळांच्या शिस्तीतली भगदाडं दाखवली. नंतर संस्थेने रजत, सूरज, पीकेव्ही ०८१ अशा सरळ वाणांत बीटी आणलं, पण तोवर पहिलं दशक हातचं गेलं होतं आणि अळी पुढे निघून गेली होती. सार्वजनिक विज्ञान हवं असं आपण म्हणतो, तर ते खासगीपेक्षा जास्त काटेकोर असलं पाहिजे.

मग चोरबीटी आलं. निंदणाला मजूर मिळेना, तणनाशक सोसणारं विनापरवाना बियाणं दुकानामागून मिळू लागलं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरलं. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण चोरबीटीच्या पाकिटावर नाव नसतं, उगवणीची हमी नसते, फसवणूक झाली तर दाद मागायला जागा नसते. बंदी घालून बाजार न रोखणं, हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग.

आता शहराकडे येऊ. आपल्या सक्करदऱ्यात उन्हाळा सरला तरी कूलर खिडकीत राहतात, टाकीत पाणी साचतं आणि एडिस डासाला जागा मिळते. डेंगीवरचा एक सिंथेटिक उपाय महाराष्ट्राच्या दारापर्यंत आला होता. जानेवारी २०१७ मध्ये जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत ऑक्सिटेक कंपनी आणि बारवाले परिवाराची जीबीआयटी यांनी पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू केल्या. नर डासात असं जनुक की त्याची पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात. नर चावत नाही. ब्राझीलमध्ये असे डास मोकळे सोडले गेले, इथे ते पिंजऱ्याबाहेर आले नाहीत. सोडलेला डास परत बोलावता येत नाही, म्हणून इथे मी कापसापेक्षा सावध आहे. जनुक-ढकल, म्हणजे एखादं जनुक साऱ्या प्रजातीत पसरवणारी युक्ती, त्याहून कठीण. दिल्ली परिसरात १९६९ पासून चाललेला डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९७५ मध्ये लोकांच्या आणि संसदेच्या अविश्वासामुळे गुंडाळावा लागला होता. तिथे लोकांना आधी नीट सांगितलं गेलं नव्हतं.

उमरेड रोडवर आपल्याकडे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, म्हणून आर्टेमिसिनिनची गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांना जवळची वाटावी. चिनी औषधी वनस्पतीतून शास्त्रज्ञ तू योयो यांनी काढलेलं हे मलेरियाचं औषध. गडचिरोलीच्या रुग्णांनाही त्याच कुळातल्या गोळ्या मिळतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या चमूने यीस्टमध्ये जनुकांची साखळी बसवून त्याचा पूर्वघटक बनवला, २०१३ मध्ये सानोफी या औषधकंपनीने कारखान्यात उत्पादन सुरू केलं. मग वनस्पतीपासून मिळणाऱ्या औषधाचा भाव पडला आणि कारखाना परवडेनासा झाला. इथे शेती टिकली. पुढच्या वेळी टिकेलच असं नाही, आणि आपल्या वनौषधी गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा विचार त्याआधी व्हायला हवा.

आशेची बाजू सांगताना मला संकोच वाटत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली ‘नेक्सकार१९’ ही उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशींना नवं जनुक देऊन रक्ताच्या काही कर्करोगांवर सोडायचं. परदेशात कोट्यवधींत जाणारा खर्च इथे चाळीस-बेचाळीस लाखांच्या आसपास आला; तोही सामान्य घराला पेलणारा नाही, पण दिशा बरोबर आहे. पुण्याच्या सीरमने ऑक्सफर्डबरोबर बनवलेली आर२१ ही मलेरियाची लस यीस्टमधून येते आणि तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली.

आणि खरी भीती कशाची? २००२ मध्ये अमेरिकेत केवळ छापील क्रमावरून पोलिओचा विषाणू बनवला गेला. नंतर कॅनडात घोडदेवीचा, देवीच्या कुळातला, विषाणू टपालाने मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट रेणूंचे जीव बनवू नयेत, असा इशारा दिला; असे जीव आपल्या प्रतिकारशक्तीला ओळखू येणार नाहीत. डीएनए विकणाऱ्याने ग्राहक आणि क्रम दोन्ही तपासणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खबरदारी आहे. ती भारतात सक्तीची हवी.

२०२२ मध्ये केंद्राने परकं जनुक न घालता केलेल्या संपादनाला कडक नियमांतून वगळलं, मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले, २०२४ मध्ये जैवउत्पादनासाठीचं ‘बायोई३’ धोरण आलं. जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं मंजुरीबद्दल एकमत झालं नाही, पण जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण लोकांशी बोलून करावं, यावर झालं. बीटी वांग्याच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशातल्या सात शहरांत सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूर होतं. आरडाओरडा झाला, पण शेतकरी, शास्त्रज्ञ आणि दुकानदार एका छताखाली बोलले. नव्या धोरणाचा मसुदा इंग्रजीत संकेतस्थळावर टाकून हरकतींसाठी तीस दिवस देणं पुरेसं नाही. तो मराठीत यावा, त्यावर यवतमाळला आणि अकोटला सुनावणी व्हावी. आणि वाणाला परवानगी देताना अळीचा प्रतिकार दरवर्षी मोजायचा खर्च, नॉन-बीटी आश्रयाच्या ओळींचं अनुदान आणि पीक फसलं तर भरपाई कोण देणार, हे त्याच मंजुरीपत्रात लिहिलेलं असावं.