जारच्या पोटात काय आहे?

नव्वदच्या दशकात दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये प्रोग्रॅम हातोहात फिरत ते फ्लॉपीवरून, आणि साडेतीन इंची फ्लॉपीत मावत जेमतेम १.४४ एमबी. डॉसच्या काळ्या पडद्यावर टाइप करायच्या पीकेझिप आणि एआरजे या कमांडची ओळख तेव्हा जागा वाचवण्यापुरतीच होती. एआरजे तर मोठ्या प्रोग्रॅमचे फ्लॉपीच्या मापाचे तुकडेही पाडून द्यायची. पुढे डिस्क स्वस्त झाल्या, इंटरनेट वेगवान झालं, तरी ही साधनं अडगळीत गेली नाहीत. माझ्या मते फाइल लहान करणं हे निमित्त होतं. टिकाऊ गोष्ट दुसरीच होती: आत कोणकोणत्या फाइली आहेत याची यादी, आणि प्रत्येक फाइल शाबूत आहे का हे ताडून पाहणारा सीआरसीचा आकडा. फिल कॅट्झने १९८९ मध्ये झिपची रचना सर्वांना खुली केली, म्हणून ती यादी कुणाच्याही साधनाला वाचता आली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये जावा १.१ बरोबर जार, म्हणजे जावा प्रोग्रॅमच्या फाइली एकत्र बांधणारी फाइल, आणली, तेव्हा तीही आतून झिपच होती, वर मॅनिफेस्ट नावाची एक फाइल. जार कमांडची अक्षरं युनिक्सच्या जुन्या टारकडून उचललेली: सी म्हणजे बांध, टी म्हणजे यादी दाखव, एक्स म्हणजे सोड.

या यादीची खरी किंमत कळली ती डिसेंबर २०२१ मध्ये. लॉगफोरजे या जावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत धोक्याच्या मापात दहापैकी दहा गुणांचं सुरक्षेचं छिद्र सापडलं आणि दिल्लीच्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेही धोक्याचा इशारा दिला. नोएडा-गुरुग्रामच काय, जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे एकच प्रश्न होता: ही लायब्ररी आपल्याकडे आहे का? डिस्कवर नुसतं नाव शोधून भागत नव्हतं. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये बांधलेल्या एका जारच्या पोटात बूट-इन्फ फोल्डरखाली इतर जार डझनांनी बांधलेल्या असतात. ‘जार टीएफ’ने यादी काढली की त्यात लॉगफोरजे-कोर हे नाव, आवृत्तीच्या आकड्यासकट, समोर यायचं. आधी सुचवला गेलेला सेटिंग बदलण्याचा उपाय काही दिवसांतच अपुरा ठरला. २.१५ ही सुधारित आवृत्तीही पुरी पडेना, लगोलग २.१६ काढावी लागली. ज्यांना आवृत्ती तडकाफडकी बदलता येत नव्हती त्यांच्यासाठी एक उपाय मात्र टिकला: जारमधून जेएनडीआय-लुकअप हा एकच क्लास उपटून टाकणं. गंमत म्हणजे जार कमांडला भर घालता येते, वगळता येत नाही. त्यामुळे हे काम झिप कमांडच्या डी या पर्यायासारख्या साधनाने उरकावं लागलं.

यावर कुणी म्हणेल की आता हे सगळं स्कॅनर करतात, कमांड पाठ करायची गरज काय? पण स्कॅनरही तीच यादी वाचतो, आणि जारच्या आतली जार जो उघडत नाही तो ‘काही सापडलं नाही’ असा निर्धास्त निकाल देतो. त्या निकालाची खातरजमा कुणीतरी करायला हवीच, आणि सर्व्हरला बहुधा माऊस-खिडक्या नसतात. एक मर्यादा मान्य केली पाहिजे: यादीही एकाच थराची दिसते, आतली जार सोडून पुन्हा पाहावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्लास उपटणं ही मलमपट्टी. पुढच्या वेळी बिल्ड झालं की जुनी जार जशीच्या तशी परत येते. खरं आहे. पण त्या आठवड्यात मलमपट्टीने मिळालेले चार दिवसच मोलाचे होते, आणि कायमची दुरुस्ती करायची तरी कोणती जार कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं.

तेव्हा जावा शिकवणाऱ्यांना एकच विनंती: जार बांधायची कमांड शिकवाल त्याच तासाला तिची यादी वाचायलाही शिकवा.