वजा आकड्याचा अर्थ : विमा कंपनीचा गुंतवणुकीचा रोकड प्रवाह



मागच्या व्याख्यानात आपण एका साध्या कारखान्याचं रोकड प्रवाह पत्रक, म्हणजे ज्याला सगळे कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणतात ते, वाचायला शिकलो. त्यानंतर जे प्रश्न आले त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. विमा कंपनीच्या वार्षिक अहवालात 'गुंतवणुकीतून रोकड प्रवाह' या ओळीसमोर बहुधा कंसात एक भलामोठा आकडा असतो. कंस म्हणजे वजा. कंपनीकडून एवढा पैसा बाहेर जातोय, तर आमची पॉलिसी सुरक्षित आहे का? की मोडून मोकळं व्हावं?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पॉलिसी मुदतीआधी मोडली, तर विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत हातात येणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांपेक्षा कमी असते, आणि विम्याचं संरक्षण तिथेच संपतं. एका ओळीच्या चुकीच्या वाचनाची किंमत अख्ख्या घराला मोजावी लागू शकते. म्हणून आज ही एकच ओळ घेऊ या.

आधी थोडी उजळणी. रोकड प्रवाहाचे तीन कप्पे असतात : कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा. साखर कारखान्यात साखर विकून पैसे येणं आणि उसाचे पैसे देणं हे कामकाज. नवीन बॉयलर घेणं ही गुंतवणूक. बँकेचं कर्ज घेणं किंवा फेडणं हा वित्तपुरवठा. आता विमा कंपनी बघा. तिला बॉयलर लागत नाही. इमारती, संगणक एवढंच. मग तिच्या गुंतवणुकीच्या कप्प्यात एवढी उलाढाल कशाची?

उत्तर विम्याच्या स्वभावात आहे. इतर धंद्यात माल आधी जातो, पैसे मागून येतात. विम्यात हे उलटं असतं. आपल्याकडे विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता आधी हातात पडल्याशिवाय कंपनीने जोखीम पत्करायचीच नसते. म्हणजे पैसे आज आले आणि त्या बदल्यात कंपनीने दिलं काय? फक्त एक वचन. ते पाळायची वेळ उद्या येईल, तीस वर्षांनी येईल, किंवा मोटार विम्यात कधीच येणार नाही. वचन देणं आणि वचन पाळणं यांच्यामधला काळ विमा कंपनीला पैशाच्या रूपाने सांभाळावा लागतो. तो पैसा पेटीत ठेवून भागत नाही, कारण हप्ता ठरवतानाच त्यावर व्याज मिळेल असं धरलेलं असतं. म्हणून कंपनी रोखे घेते, शेअर घेते. रोखा घेतला की रोकड बाहेर गेली आणि आकडा वजा झाला. पैसा कमी झालेला नाही, त्याने रूप बदललं.

उदाहरणाशिवाय हे डोक्यात बसत नाही. समजा एक आयुर्विमा कंपनी आहे, आकडे कोटींत आणि आपल्या सोयीचे. वर्षभरात हप्ते आले १,०००. मृत्यूचे दावे आणि मुदत संपलेल्या पॉलिसी यांपोटी दिले ४००. एजंटांचं कमिशन, पगार, कर मिळून १५०. कामकाजातून उरले अधिक ४५०. आता गुंतवणूक : रोखे आणि शेअर खरेदी १,३००, विक्री आणि मुदतपूर्तीतून आले ६००, व्याज आणि लाभांश ३००. बेरीज-वजाबाकी केली की वजा ४००. भागधारकांना लाभांश दिला ३०, तो वित्तपुरवठ्यात वजा. शेवटी रोकड वाढली २० ने. या कंपनीत बिघडलंय काय? काहीच नाही. लोक हप्ते भरताहेत आणि कंपनी ते पुढच्या दाव्यांसाठी बाजूला टाकतेय.

इथे एक बारकावा आहे. व्याजाचे ३०० आपण गुंतवणुकीच्या कप्प्यात धरले, कारण आपल्या विमा नियामकाच्या नमुन्यात भाडं, व्याज, लाभांश तिथेच दाखवायचे असतात. अमेरिकेच्या हिशेबपद्धतीत तेच व्याज कामकाजात जातं. मग हीच कंपनी तिथे कशी दिसेल? कामकाज अधिक ७५०, गुंतवणूक वजा ७००. शेवटची वाढ तीच, २०. धंदा तोच, पैसा तोच, कप्पा बदलला की आकडा बदलला. त्यामुळे भारतीय कंपनीची ही ओळ परदेशी कंपनीच्या ओळीशेजारी ठेवून कुणी 'बघा किती फरक' म्हणत असेल, तर आधी विचारा की व्याज कुठे धरलंय.

आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे, तेव्हा न्यायशास्त्राकडे वळल्याशिवाय राहवणार नाही. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त शिकणाऱ्याला पहिल्यांदा डोंगरावरचा धूर दाखवतात. धूर आहे, म्हणून अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. मग तेच उलट करून बघतात : अग्नी आहे, म्हणून धूर आहे. हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आकडा वजा आहे म्हणून कंपनी धोक्यात, हे अनुमान असंच सदोष आहे. पण नीट लक्ष द्या, आकडा वजा आहे म्हणून कंपनी भक्कम, हेही तितकंच सदोष आहे. दोन्हीकडे अट लपलेली आहे, आणि आपलं काम ती अट शोधणं हे आहे.

पहिली अट : बाहेर गेलेला पैसा आला कुठून? आपल्या उदाहरणात तो हप्त्यांतून आला. गुंतवणूक वजा ४०० आणि कामकाज अधिक ४५०, ही जोडी शोभते. पण कामकाजही वजा आणि गुंतवणूकही वजा असेल, तर फक्त वित्तपुरवठ्याचा कप्पा उरतो. म्हणजे भागधारकांनी नवं भांडवल घातलंय किंवा कर्ज काढलंय. नव्या कंपनीत पहिली काही वर्षं हे चालतं, कारण कमिशन आणि शाखा उघडण्याचा खर्च सुरुवातीलाच होतो. जुन्या कंपनीत हे दिसलं तर थांबून विचार करायला हवा.

दुसरी अट अधिक आकड्याची. समजा दुसऱ्या एका कंपनीत हप्ते आले ५००, दावे दिले ७००, खर्च १००. कामकाज वजा ३००. रोखे घेतले २००, विकले ३५०, व्याज आलं १५०. गुंतवणूक अधिक ३००. 'अधिक' दिसलं की आपल्याला बरं वाटतं. पण इथे कंपनी साठवलेलं काढून दाव्यांना पुरवतेय. हे वाईटच का? नाही. वीस वर्षांपूर्वीच्या पॉलिसी ठरल्या वेळी पिकत असतील आणि त्यासाठीच त्या मुदतीचे रोखे घेऊन ठेवले असतील, तर कणगी भरली होती ती आता रिकामी होतेय, इतकंच. सर्वसाधारण विम्यात तर एखादं वर्ष असं येणारच. २६ जुलै २००५ ला मुंबईत जे झालं तसं काही घडलं, तर गाड्या, दुकानं, गोदामं यांचे दावे एकदम येतात. त्या वेळी रोखे विकून पैसे चुकते करणं म्हणजे वचन पाळणं.

पण तोच अधिक आकडा घबराटीतूनही येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एक्झिक्युटिव्ह लाइफ नावाची कंपनी होती. जास्त व्याजाच्या मोहाने तिने हलक्या पतीचे, ज्यांना तिथे जंक म्हणतात असे कर्जरोखे मोठ्या प्रमाणावर घेतले. त्या रोख्यांचा बाजार कोसळला, पॉलिसीधारक पॉलिसी मोडायला धावले, आणि एप्रिल १९९१ मध्ये राज्याच्या विमा आयुक्तांनी कंपनी ताब्यात घेतली. तिच्याकडून पेन्शन घेणाऱ्या अनेकांना ठरल्यापेक्षा कमी मिळालं. रोखे खरेदी करतानाच्या वर्षांत खरेदीची ओळ इतर कुठल्याही वाढत्या कंपनीसारखीच वजा दिसते, कारण सरकारी रोखा घ्या नाहीतर जंक रोखा घ्या, बाहेर जाणारा रुपया सारखाच.

यातून तिसरी अट निघते, आणि आमच्या मते हीच खरी : पैसा कशात गेला आणि कुणी ठरवलं? याचा धडा आपल्या देशाने फार लवकर घेतला. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ देशी-विदेशी कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. वर्षही पुरतं झालं नव्हतं आणि जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलं नव्हतं. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, मुंबईत उघड सुनावणी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

विचार करा, महामंडळाच्या एकूण निधीच्या मानाने ती रक्कम लहानच होती. खरेदीच्या एकूण आकड्यात ती सहज विरघळली असती. गैर काय ते आकड्यातून बाहेर आलं नाही, प्रश्न विचारल्यामुळे आलं. पैसा लाखो लोकांच्या हप्त्यांचा होता, म्हणून तो प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्यांचा होता.

आज नियम अधिक कडक आहेत. आयुर्विमा कंपनीने आपल्या आयुर्विमा निधीपैकी निदान ५० टक्के केंद्र आणि राज्य सरकारांच्या व इतर मान्य रोख्यांत ठेवायचे असतात, आणि निदान २५ टक्के तर केंद्र सरकारच्याच रोख्यांत. युलिपचं गणित वेगळं, तिथे बाजाराची जोखीम पॉलिसीधारकाची असते. दीर्घ वचनांना दीर्घ मुदतीचे रोखे लागतात. भारत सरकारने २०२३ मध्ये प्रथमच ५० वर्षांचे रोखे काढले, तेव्हा विमा कंपन्यांची ही गरज त्यामागे होतीच.

मग अहवाल हातात आला की काय करायचं? एकट्या ओळीवर बोट ठेवू नका. तिच्या वरची कामकाजाची ओळ बघा. चार-पाच वर्षांचे आकडे ओळीने लिहून काढा, एका वर्षावरून काही ठरत नाही. मग आतली फोड बघा : खरेदी किती, विक्री किती, व्याज किती. विक्री एकदम फुगली असेल, तर पॉलिसी मोडणाऱ्यांची संख्या वाढली आहे का ते तपासा. तेराव्या आणि एकसष्टाव्या महिन्यानंतर किती पॉलिसी चालू राहिल्या, हे प्रमाण कंपन्या जाहीर करतात. पुढे गुंतवणुकीची यादी बघा : सरकारी किती, उत्तम पतीचे किती, आणि थकीत किती. शेवटी सॉल्व्हन्सी म्हणजे देणं भागवण्याच्या क्षमतेचं गुणोत्तर. नियामकाला ते निदान १.५ हवं असतं. हे सगळं कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

एवढं केल्यावर ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांना आमचं उत्तर असं : कंसातला आकडा पाहून पॉलिसी मोडू नका, आणि तो पाहून निर्धास्तही होऊ नका. आपला हप्ता आज कशाच्या रूपात आहे, हे विचारा.

पुढच्या वेळी आपण या पत्रकाची तिसरी ओळ, वित्तपुरवठा, घेणार आहोत. येताना कुठल्याही एका विमा कंपनीचे तीन वर्षांचे हे आकडे कागदावर उतरवून आणा, म्हणजे आपण ते मिळून वाचू. आता प्रश्न असतील तर घेऊ या.