सुवर्णदुर्ग पाहायला जाताय? आधी भरती-ओहोटीची वेळ बघा

हर्णै बंदरात उभे राहिले की समोर समुद्रात काळ्या तटाचे बेट दिसते. हाच सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातला हा जलदुर्ग आहे.

वैशिष्ट्य काय?
बेटाच्या खडकाचाच इथे तटासाठी उपयोग केला आहे. काही ठिकाणी खडक तासून तट काढला असून त्यावर मोठे चिरे रचले आहेत. मुख्य दरवाजा जमिनीच्या दिशेला, पण बुरुजांच्या आडोशाला आहे. तो अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. दरवाजाच्या पायरीवर कासव, तर बाजूच्या तटावर मारुती कोरलेला आहे. चारी बाजूंनी खारे पाणी, तरी आत गोड्या पाण्याची सोय आहे.

किल्ला पडला कसा?
कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे. पुढे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने किल्ल्यावर तोफा डागल्या. समुद्राकडचा तट दाद देईना, तेव्हा त्याने जहाजे किल्ला आणि किनारा यांमधल्या खाडीत आणली. आतला दारूसाठा पेटला आणि किल्ला पडला. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनला या विजयाचा मनोरा बांधला. ‘सेव्हर्नड्रूग’ या नावाने तो आजही उभा आहे. मराठ्यांच्या आपसातल्या भांडणाची ही आठवण अशी सातासमुद्रापार जपली गेली आहे.

जायचे कसे?
दापोलीहून हर्णै साधारण १५ किलोमीटर. तिथून मच्छीमारांच्या होड्या किल्ल्यावर नेतात. उतरताना पाण्यात पाय घालावे लागतात, म्हणून भरती-ओहोटीची वेळ होडीवाल्यालाच विचारावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नये. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. पिण्याचे पाणी, टोपी आणि न घसरणारी पादत्राणे सोबत हवीत.

आजूबाजूला काय?
किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला ही सुवर्णदुर्गाच्या जोडीची ठाणी आहेत. ओहोटीला खडकांना चिकटलेली कालवे दिसतात. जवळच आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. संध्याकाळी हर्णै बंदरातला मासळीचा लिलावही पाहण्यासारखा असतो.

आता काळजी कशाची?
तटाच्या सांध्यांत रुजलेली झाडे मुळांनी चिरे सरकवतात, लाटा पाया झिजवतात. त्यात वारसा यादीमुळे आता गर्दी वाढणार. उतरायला सोय हवीच, पण त्यासाठी बेटाचा खडक फोडला तर ज्याला जागतिक मान मिळाला, त्यालाच धक्का बसेल. पर्यटकांच्या हातात आहे ते एवढेच: तटावर चढू नये, नावे कोरू नयेत आणि नेलेला कचरा परत आणावा.