नंबर नसलेला मागचा अॅक्सल कसा ओळखायचा? एमजीबीचं उदाहरण

एखाद्या फाइलचं एक्स्टेन्शन उडालं असेल, तर आम्ही सॉफ्टवेअरवाले तिच्या आत डोकावतो. पीडीएफ फाइलची सुरुवातीची अक्षरं ठरलेली असतात, त्यावरून ती लगेच ओळखता येते. जुन्या गाडीच्या मागच्या अॅक्सलवरचा नंबर गंजून गेला असेल, तर तिथेही मी हेच करेन. नाव विसरायचं आणि वस्तूलाच विचारायचं.

उदाहरणासाठी इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी घेऊ. इतक्या जुन्या गाडीत मधल्या मालकांनी काय काय बदललंय, हे कागदपत्रांवरून कळेलच असं नाही. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: बाहेरचं हौसिंग कोणतं आणि आतले गिअर कोणते?

पहिला प्रश्न: हौसिंग

गाडीच्या मागून अॅक्सलच्या मधल्या फुगीर भागाकडे बघा. मागची बाजू गुळगुळीत घुमटासारखी असेल आणि बोल्टची रांग पुढे, प्रोपेलर शाफ्टच्या बाजूला असेल, तर तो ‘बँजो’ अॅक्सल. मागच्या बाजूला बोल्टने बसवलेलं झाकण दिसलं आणि मधल्या ओतीव भागातून दोन्हीकडे नळ्या निघालेल्या असल्या, तर तो ‘ट्यूब’ किंवा ‘सॅलिसबरी’ प्रकार. एमजीबी जीटी १९६५ मध्ये आली तीच ट्यूब अॅक्सल घेऊन. उघड्या टपाच्या रोडस्टरला तो १९६७ च्या सुमारास मिळाला. त्याआधीच्या रोडस्टरला आणि जुन्या एमजीएला बँजो असायचा.

गॅस्केट आणि बेअरिंग मागवायला ही माहिती लागतेच, पण गिअर कोणते हे यावरून कळत नाही. बँजोमध्ये तर गिअरचा अख्खा संच पुढून एकत्र बाहेर निघतो. म्हणजे हौसिंग मूळचं आणि गिअर दुसरेच, असंही असू शकतं.

दुसरा प्रश्न: गिअर

इथे मोजायचं. गाडी सपाट जागेवर उभी करा, गिअर न्यूट्रल ठेवा. बाकीच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मगच हँडब्रेक सोडा, मागचं एक चाक जॅकने उचला आणि अॅक्सलखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. प्रोपेलर शाफ्टला रंगीत टेप चिकटवा आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो खाली ठेवा. फेरे नंतर आरामात मोजता येतात.

आता उचललेलं चाक २० वेळा फिरवा. २० का? दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शिअल फिरणं अर्धं करतं. २० फेऱ्यांत क्राउन व्हील फक्त १० वेळा फिरतं. तेवढ्यात शाफ्टचे फेरे किती झाले ते बघा:

- ४३ : एमजीए १५०० किंवा १६०० (४.३)
- ४१ : एमजीए १६०० मार्क टू (४.१)
- ३९ आणि किंचित जास्त : चार सिलिंडरची एमजीबी (३.९०९)
- पावणे एकतीसच्या जवळ : एमजीबी जीटी व्ही-८ (३.०७१)

खात्री करायची असेल तर अजून एक तपासणी आहे. एमजीबीच्या क्राउन व्हीलला ४३ दात असतात आणि पिनियनला ११. म्हणून चाक २२ वेळा फिरवलं की शाफ्टचे बरोबर ४३ फेरे होतात आणि टेप पुन्हा सुरुवातीच्या जागी येते. आमच्या भाषेत हा चेकसम! मात्र लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल बसवलेलं असेल तर एक चाक असं मोकळं फिरणार नाही. अशा वेळी दोन्ही चाकं उचलून एकत्र फिरवावी लागतात आणि १० फेरेच पुरतात.

एवढी उठाठेव कशाला?

कारण या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते. मीटरला चाक दिसत नाही, त्याला शाफ्टचा वेग कळतो. मीटर ३.९०९ चं आणि गिअर ४.३ चे असतील, तर खऱ्या १०० ला काटा ११० दाखवेल. हे एक वेळ चालेल. पण गिअर ३.०७१ चे निघाले, तर गाडी १०० ने पळत असताना काटा ७९ च्या आसपास असेल, आणि वळणावर तुम्ही त्याच काट्यावर विश्वास ठेवून ब्रेक लावणार आहात.

म्हणून अशी गाडी हातात आली की पार्ट मागवायच्या आधी हे मोजून घ्या. टेपचा एक तुकडा आणि अर्धा तास, एवढाच खर्च आहे.