बारा आठवडे की तीन रात्री?

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. सोलापूरला दहावीपर्यंत मराठी हा फक्त एक 'सब्जेक्ट' होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण यातलं अर्धं शहाणपण माझ्या भोसरीच्या मामाचं आहे, आणि त्याने तो वाचायला हवा!

विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा : ऑनलाइन कोर्स किती दिवसांत पूर्ण करावा? होस्टेलवर याची दोन उत्तरं आहेत. पहिलं, "परीक्षेच्या आधी तीन रात्री पुरतात." दुसरं, "बघू, घाई काय आहे?" माझी रूममेट दुसऱ्या पंथातली. फर्स्ट इयरपासून तिने पाच कोर्सेसना नाव घातलंय आणि पाचही दुसऱ्या आठवड्यात अडकलेत. मी पहिल्या पंथातली होते. "होते" असं का म्हणते, ते पुढे कळेल.

आधी थोडी माहिती. एनपीटीईएल हा प्रकल्प सात आयआयटी आणि बंगलोरच्या आयआयएससीने मिळून २००३ मध्ये सुरू केला. तेव्हा नुसती लेक्चर्स होती. परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणं २०१४ पासून सुरू झालं. २०१७ मध्ये 'स्वयम्' आलं. इथले कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ क्रेडिट धरतात. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ, म्हणजे १२ आठवड्यांच्या कोर्सचे ३० तास.

इथेच आपली फसगत होते. आपण ३० तासांना दोनने भागतो, कारण व्हिडिओ डबल स्पीडने चालतो! उरले १५ तास, म्हणजे रात्रीचे पाच-पाच तास धरले तर तीन रात्री. झाला कोर्स!

पण क्रेडिटचा हिशोब वेगळा आहे. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं धरलंय. त्यात ऐकणं, वाचणं, गणितं सोडवणं, परीक्षा सगळं आलं. ३ क्रेडिटचे झाले ९० तास. बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसात तास. त्यातले व्हिडिओचे फक्त अडीच, उरलेले पाच आपले आपण वहीसमोर बसायचे. म्हणजे तीन रात्रींत मी केलं ते ९० पैकी १५ तासांचं काम. सहावा हिस्सा!

आता माझी कहाणी. गेल्या वर्षी जुलैमध्ये मी हीट ट्रीटमेंटच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला रजिस्टर केलं. असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला ग्रुपवर यायची, मी टिक करायची. २५ पैकी २५! शेवटी तीन रात्री कॉफी पिऊन व्हिडिओ पाहिले. परीक्षेत ७५ पैकी ३६. बेरीज ६१, आणि ६० च्या वर गेलं की सर्टिफिकेटवर 'एलिट' येतं. मी ते घरी पाठवलं. आईने सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

मग जानेवारीत चाकणच्या एका कंपनीत इनप्लांट ट्रेनिंगसाठी इंटरव्ह्यू होता. समोरच्या सरांनी सर्टिफिकेट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "गिअर कार्बुराइझ करतोय. केस डेप्थ दुप्पट हवी. फर्नेसमध्ये किती वेळ ठेवशील?" मी ताबडतोब म्हटलं, "दुप्पट, सर." ते हसले नाहीत, ओरडले नाहीत. सर्टिफिकेट माझ्याकडे सरकवलं आणि पुढच्याला बोलावलं. राजगुरुनगर रोडवरून परतताना बसमध्ये मला रडू आलं. जागा गेली त्याचं वाईट वाटलंच, पण जास्त लाज वाटली ती त्या कागदाची.

त्या रविवारी भोसरीला मामाकडे गेले. मामा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये फर्नेसवर आहे, वीस वर्षं. त्याला प्रश्न सांगितला. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "चौपट. अगं, कार्बन काय पळत जातो का आत? एकेक थर मुरत जातो."

फॉर्म्युला नंतर मी वहीत शोधला (होता, माझ्याच अक्षरात!). केस डेप्थ वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ९२५ अंश सेल्सिअसला १ तासात सुमारे ०.६ मिमी, ४ तासांत सुमारे १.३ मिमी. मी विचारलं, "मामा, मग टेंपरेचर वाढवायचं, गॅस जास्त सोडायचा, लवकर होईल ना?" तो म्हणाला, "होईल की. पण टेंपरेचर फार चढवलं तर आतला दाणा मोठा होतो. कार्बन जास्त सोडला तर वरची पापडी कडक आणि ठिसूळ. गिअर दिसायला एक नंबर, आणि लोड आला की दात तुटतो."

मी गप्प बसले. चाकणला माझा दात तुटला होता तो असा!

पण मित्रांनो, हे वर्गमूळ दुसऱ्या बाजूनेही बोलतं. वेळ वाढवत नेला की फायदा कमी कमी होत जातो. म्हणून "बघू, घाई काय" हेही बरोबर नाही. मुदत सैल सोडली तर फर्नेसच थंड पडते. आणि नुसती मुदत असूनही भागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने मार्च ते जून २०१२ मध्ये सर्किट्सचा पहिला खुला ऑनलाइन कोर्स घेतला. नावं नोंदवली १,५४,७६३ जणांनी, पास झाले ७,१५७. शंभरात पाचसुद्धा नाहीत! अर्थात खूप जण नुसते बघायला आलेले असणार, पण नाव घालणं किती सोपं आणि टिकणं किती अवघड ते दिसतंच.

मग किती वेळ बरोबर? मामाचं उत्तर : "पार्ट कुठला आणि डेप्थ किती पाहिजे ते आधी सांग." मला हे पटलं. एखादं सॉफ्टवेअर हाताळायला शिकायचं असेल तर ४ आठवडे पुरतात. थर्मो, हीट ट्रीटमेंट, कंट्रोल सिस्टिम अशा एकावर एक थर चढणाऱ्या विषयांना १२ आठवडे हवेतच. आणि दोन आठवड्यांच्या मध्ये जे रिकामे दिवस असतात, ते वाया जात नाहीत. थोडं विसरायचं, पुन्हा आठवायचं, यातच ते मुरतं.

"पण आम्हाला वेळ कुठे मिळतो?" असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्या मामेभावाची गोष्ट. दादा डिप्लोमा करून चाकणला नोकरीला आहे. फर्स्ट, सेकंड, थर्ड, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात त्याला डोळे उघडे ठेवणं मुश्कील. त्यानेही १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. मी म्हटलं, "दादा, तुला कसं जमणार?" तो म्हणाला, "अगं, बारातल्या बेस्ट आठ असाइनमेंट धरतात. तीन शिफ्ट, बारा आठवडे, म्हणजे थर्ड शिफ्टचे आठवडे चार. ते सोडले तरी आठ उरतात!" नियम वाचून प्लॅन करणारा तो, आणि रिकामा वेळ असून उत्तरं टिकवणारी मी. कोर्सची मुदत ठरवावी तर अशी : शिस्त लागेल एवढी घट्ट, आणि शिफ्टवाल्यालाही पार करता येईल एवढी सैल.

या सेमिस्टरला आम्ही सहा जणींनी ठरवलंय. मंगळवार आणि शुक्रवार रात्री ९ ते ११ रीडिंग रूममध्ये, उरलेले तास ज्याचे त्याने. व्हिडिओ साध्या स्पीडने, गणितं आधी स्वतः, आणि ग्रुपवर उत्तरं टाकायची नाहीत, फक्त शंका टाकायच्या. रेक्टर मॅडमनी लाइट अकरापर्यंत चालू ठेवायला परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार! सरांना एकच विनंती : आमची सर्टिफिकेट्स जमा करून घेताना प्रत्येकाला कोर्समधला एक प्रश्न जरूर विचारा. चाकणला जाऊन गप्प बसण्यापेक्षा तुमच्या केबिनमध्ये गप्प बसलेलं परवडलं.

मी तोच कोर्स पुन्हा घेतलाय. आज पाचवा आठवडा. रूममेटही येते, तिचा पहिल्यांदाच तिसरा आठवडा ओलांडला गेलाय! किती मार्क मिळतील माहीत नाही, पण "चौपट का?" हे आता मला कुणीही अर्ध्या झोपेत विचारा. सांगेन.