नेपोलियनचा स्वार, नेपल्सचा राजा

१८ जून १८१५ रोजी दुपारी वॉटर्लूच्या चढणीवर मार्शल नेय याने फ्रेंच घोडदळाच्या लाटांमागून लाटा वेलिंग्टनच्या पायदळावर सोडल्या. तोफा आणि पायदळ यांची पुरेशी साथ नसलेले ते हल्ले चौकोनी रचना करून उभ्या असलेल्या पलटणींवर आदळून विरून गेले. घोडदळ हाताळण्यात त्या काळच्या युरोपात ज्याला तोड नव्हती, तो जोआकिम म्यूरा त्या वेळी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर पॅरिसच्या निरोपाची वाट पाहत बसला होता. तो निरोप आलाच नाही. सख्ख्या बहिणीचा नवरा असूनही नेपोलियनने त्याला भेट नाकारली होती. 'म्यूरा असता तर कदाचित...' हा विचार मात्र पुढे सेंट हेलेनाच्या बंदिवासात नेपोलियनला सोडून गेला नाही.

म्यूराचा जन्म २५ मार्च १७६७ चा. नैऋत्य फ्रान्समधील एका खेड्यात वडिलांची खानावळ होती. मुलाने धर्मगुरू व्हावे, या इच्छेने आईवडिलांनी त्याला तुलूझच्या धर्मशाळेत घातले. पण विसाव्या वर्षी तो तेथून निसटून घोडदळात भरती झाला. राज्यक्रांती झाली नसती तर हा देखणा, बडबड्या तरुण फार तर एखाद्या पागेचा हवालदार म्हणून निवृत्त झाला असता. क्रांतीने उमरावांची मक्तेदारी मोडली आणि अशा मुलांना वाट मोकळी झाली.

त्याचे नशीब उघडले ते ऑक्टोबर १७९५ मधील एका रात्री. पॅरिसमध्ये सरकारविरुद्ध उठाव होणार होता आणि बंदोबस्ताचे काम बोनापार्ट नावाच्या एका तरुण सेनानीवर आले होते. शहराबाहेरच्या साब्लाँच्या तळावर चाळीस तोफा होत्या. बंडखोरही त्यांच्याच मागावर होते. म्यूरा आपले स्वार घेऊन भरधाव गेला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या आधी तोफा ताब्यात घेऊन परतला. दुसऱ्या दिवशी त्याच तोफांनी उठाव चिरडला. तेव्हापासून दोघांची दैवे एकमेकांत गुंतली. इटली, इजिप्त, मग नोव्हेंबर १७९९ मधील सत्तापालट. त्या दिवशी लोकप्रतिनिधींना संगिनींच्या धाकाने सभागृहाबाहेर काढणाऱ्या सैनिकांच्या अग्रभागी म्यूराच होता. जानेवारी १८०० मध्ये कॅरोलिन बोनापार्टशी त्याचा विवाह झाला आणि १८०४ मध्ये तो मार्शल झाला.

रणांगणावरचा म्यूरा पाहायचा तर ८ फेब्रुवारी १८०७ च्या आयलाऊच्या लढाईत. हिमवादळात वाट चुकलेली फ्रेंचांची एक अख्खी कोअर रशियन तोफांच्या तोंडी सापडून नष्ट झाली आणि आघाडीच्या मध्यभागी भगदाड पडले. नेपोलियनने म्यूराला पुढे काढले. सुमारे दहा हजार घोडेस्वार बर्फ तुडवीत निघाले, रशियन फळी फोडून पलीकडे गेले, तेथे पुन्हा जुळवाजुळव करून तीच फळी फोडीत परतले. लढाई निर्णायक ठरली नाही, पण फ्रेंच सैन्य वाचले.

घोड्यावरून उतरलेला म्यूरा मात्र वेगळा होता. नोव्हेंबर १८०५ मध्ये त्याने आणि लान याने, तह झाला आहे अशी थाप मारून, व्हिएन्नाजवळचा डॅन्यूबवरील पूल एकही गोळी न झाडता मिळवला. दोनच दिवसांनी रशियनांनी हीच युक्ती त्याच्यावर उलटवली. तहाच्या बोलण्यांवर विसंबून तो थांबला आणि शत्रूचे मुख्य सैन्य निसटले. नेपोलियनचे संतप्त पत्र त्याला लगेच मिळाले. शौर्य अफाट, पण पारख कमी, हे नेपोलियनचे त्याच्याविषयीचे मत कायमच राहिले. तरीही त्याने या माणसाला राजा केले. घराण्याबाहेर मुकुट देण्यापेक्षा मेहुणा बरा, असा हा हिशेब दिसतो.

म्यूराला खरे तर स्पेनचे सिंहासन हवे होते. २ मे १८०८ चा माद्रिदमधील उठाव त्याने निर्दयपणे मोडला. दुसऱ्या दिवशीच्या गोळीबाराचे गोयाने काढलेले चित्र आज जगप्रसिद्ध आहे. स्पेन मात्र नेपोलियनचा भाऊ जोसेफ याला मिळाले आणि त्याने सोडलेले नेपल्स म्यूराच्या वाट्याला आले. या देणगीच्या करारातच मेख होती. म्यूरा आधी वारला तर मुकुट कॅरोलिनकडे जाणार होता. म्हणजे राज्य बोनापार्टांचे, म्यूरा त्याचा धारक!

हा धारक नेपल्समध्ये रमला, हेच पुढच्या साऱ्या पेचाचे मूळ. भडक पोशाख, पिसांचे तुरे, घोडेस्वारीचा थाट हे सारे तेथील लोकांना आवडले. पण थाटापलीकडेही काही होते. जोसेफने कायद्याने रद्द केलेली सरंजामशाही म्यूराच्या काळात प्रत्यक्षात मोडली जाऊ लागली. नेपोलियनची नागरी संहिता लागू झाली, रस्ते व पूल बांधणारे अभियंत्यांचे दल उभे राहिले, आणि बारी शहराबाहेर १८१३ मध्ये सरळ, काटकोनी रस्त्यांच्या नव्या वस्तीचा पाया घातला गेला. ती वस्ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. दुसरी बाजूही सांगायला हवी. कालाब्रियातील बंडाळी मोडण्यासाठी त्याने पाठवलेल्या जनरल मानेस याने जी दहशत घातली, ती तेथील लोक विसरले नाहीत.

१८१० मध्ये सिसिलीवरील त्याची मोहीम फसली. त्याच्या दिमतीच्या फ्रेंच तुकड्या सामुद्रधुनी ओलांडायला तयार झाल्या नाहीत आणि नेपोलियननेच दगा दिला, असा संशय त्याच्या मनात घर करून बसला. पुढच्या वर्षी त्याने हुकूम काढला : राज्यात अधिकारपदावर राहायचे तर परकीयांनी नेपल्सचे नागरिकत्व घ्यावे. परकीय म्हणजे अर्थातच फ्रेंच. नेपोलियनने प्रत्युत्तरादाखल दुसरा हुकूम काढून, प्रत्येक फ्रेंच माणूस नेपल्सचा आपोआप नागरिक आहे, असे जाहीर केले. मांडलिक राजाची जागा याहून स्पष्ट शब्दांत कोण दाखवणार?

रशियाच्या मोहिमेनंतर हा धागा तुटला. डिसेंबर १८१२ मध्ये उरलेसुरले सैन्य म्यूराच्या हवाली करून नेपोलियन पॅरिसला निघून गेला. पुढच्याच महिन्यात म्यूराही ते सोडून नेपल्सला निघाला. लाइपझिगच्या पराभवानंतर, जानेवारी १८१४ मध्ये, मुकुट वाचवण्यासाठी त्याने ऑस्ट्रियाशी करार केला. याला कॅरोलिनचाही पाठिंबा होता. नेपोलियनने याला विश्वासघात म्हटले. आपल्या प्रजेपुरते पाहणाऱ्या राजाने दुसरे काय करायचे होते, हा प्रश्न उरतोच. पण १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून सुटताच म्यूराने पुन्हा बाजू बदलली आणि ऑस्ट्रियावर चाल केली. ३० मार्चला रिमिनीहून त्याने सर्व इटालियनांना स्वातंत्र्यासाठी उठण्याचे आवाहन केले. उठले मोजकेच. मेच्या आरंभी तोलेन्तीनोच्या लढाईत त्याचे सैन्य मोडले आणि राज्यही गेले.

वॉटर्लूनंतर तो कॉर्सिकात लपला असताना ऑस्ट्रियाने त्याला आश्रय देऊ केला. अट एवढीच, की राजेपद सोडून 'लिपोनाचा काउंट' या नावाने राहावे. नापोली या शब्दातील अक्षरांची अदलाबदल केली की लिपोना होते. म्यूराने तो परवाना घेतला, पण वापरला नाही. सहा नौका आणि सुमारे अडीचशे माणसे घेऊन तो राज्य परत मिळवायला निघाला. वादळाने ताफा विखुरला. ८ ऑक्टोबर १८१५ रोजी, रविवारी, तो जेमतेम तीसेक साथीदारांसह कालाब्रियातील पित्सो येथे उतरला. चौकात जमलेल्या गर्दीतून जयजयकार उठला नाही. तो किनाऱ्याकडे धावला, तर नौका निघून गेली होती. संतप्त जमावाच्या हातून सुटून तो कसाबसा किल्ल्याच्या कोठडीत पोचला.

ज्या दंडसंहितेखाली लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला, ती त्याच्याच राजवटीत आलेली होती. १३ ऑक्टोबरला त्याने कॅरोलिनला अखेरचे पत्र लिहिले, सोबत केसांची बट ठेवली. डोळ्यांवर पट्टी बांधू न देता तो बंदुकांसमोर उभा राहिला. नेम छातीवर धरा, चेहरा वाचवा, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. पित्सोच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

कॅरोलिन तेव्हा ऑस्ट्रियाच्या आश्रयाला होती. नवऱ्याने नाकारलेले नाव तिने स्वीकारले आणि १८३९ मध्ये फ्लॉरेन्सला मृत्यू येईपर्यंत ती लिपोनाची काउंटेस म्हणूनच राहिली.