पाणी पिणारा डोंगर आणि पाणी चढवणारं चाक

समोरासमोर दोन डोंगर. दोघांवर सारखाच मुसळधार पाऊस कोसळतोय. एका डोंगरावरून ओढे खळाळत खाली येतायत. दुसऱ्यावर पडलेलं पाणी मात्र बघता बघता गायब! ना ओढा, ना ओहोळ. मग एवढं पाणी गेलं कुठे?

असे दोन डोंगर खरोखरच आहेत बरं का! ते बघायला आपल्याला व्हिएतनामला जावं लागेल. राजधानी हनोईपासून नैर्ऋत्येकडे गाडीने साधारण चार तास गेलं, की थान्ह होआ प्रांतात पू लुओंग नावाचा डोंगराळ मुलूख लागतो. 1999 साली इथलं 17 हजार हेक्टरांहून जास्त जंगल राखीव झालं. इथे डोंगरांच्या दोन रांगा जवळजवळ समांतर धावतात. मधल्या दरीत थाई आणि मुओंग लोकांची गावं आहेत, आणि उतारांवर एकाखाली एक उतरत गेलेली हिरवीगार भातखाचरं.

व्हिएतनाममध्ये सरकारी नोंदीनुसार 54 समाज आहेत. थाई आणि मुओंग हे त्यातलेच दोन. इथल्या थाई लोकांची भाषा थायलंडच्या भाषेच्या नात्यातली, तर मुओंग भाषा व्हिएतनामी भाषेच्या घरातली. भाषा वेगळ्या असल्या तरी दोघांचीही घरं खांबांवर उभी असतात. माणसं वरच्या मजल्यावर राहतात आणि खालच्या मोकळ्या जागेत अवजारं, लाकूडफाटा, कधी कोंबड्या-बदकं. जमिनीतली ओल आणि सरपटणारे पाहुणे, दोन्ही खालच्या खाली!

आता त्या हरवलेल्या पाण्याचा शोध घेऊ.

आंबट पाऊस, विरघळणारा दगड

ईशान्येकडची रांग चुनखडीची आहे. 20 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ आणि समुद्री जिवांची कवचं साठत गेली, दाबली गेली आणि त्यांचा खडक झाला. पुढे जमिनीच्या हालचालींनी तो खडक उचलला गेला आणि समुद्राचा तळ डोंगर होऊन बसला.

पावसाचं पाणी खाली येताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन येतं. जंगलातल्या मातीत तर हा वायू कितीतरी जास्त असतो, कारण तिथे पाचोळा कुजत असतो आणि झाडांची मुळं श्वास घेत असतात. मातीतून झिरपताना पाणी हा वायू शोषून घेतं आणि अगदी सौम्य आम्ल बनतं. तुम्ही ते प्यायलात तर आंबटपणा जिभेला कळणारही नाही, पण चुनखडीला बरोबर कळतो! ती कणाकणाने विरघळायला लागते. केसाएवढी भेग बोटाएवढी होते, बोटाएवढी भेग बोगद्याएवढी. घाई कसलीच नाही. हजारो-लाखो वर्षं हे काम चालू राहतं आणि डोंगर आतून पोकळ होत जातो. म्हणून त्याच्यावर पडलेलं पाणी भेगांतून थेट पोटात शिरतं.

खो मुओंग गावाजवळ अशीच एक प्रचंड गुहा आहे. तिच्या छताला वटवाघळं लटकलेली असतात. आपल्याकडे अजिंठ्याची आणि वेरूळची लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरली, कारण तिथला काळा बेसाल्ट पाण्यात असा विरघळत नाही. खो मुओंगची गुहा मात्र पावसाने कोरली, तीही हत्याराशिवाय.

समोरची, नैर्ऋत्येकडची रांग अगदी वेगळी. तिथले खडक अग्निजन्य आणि रूपांतरित, म्हणजे काही वितळलेल्या शिलारसापासून घडलेले, तर काही उष्णतेने आणि दाबाने बदललेले. या खडकांत पाणी सहजासहजी मुरत नाही आणि त्यांना विरघळवतही नाही. म्हणून इकडच्या टेकड्या गोलसर, झाडीने झाकलेल्या, आणि ओढे उघड्यावर वाहणारे. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर मिळालं ना? पाऊस सारखाच, पण खडकांचे स्वभाव निराळे.

पाण्याला थांबवायचं कसं?

उतारावरून पाणी पळत सुटतं आणि भाताला तर पाणी साचलेलं लागतं. मग इथले शेतकरी काय करतात? उतार कापून सपाट पट्ट्या काढतात आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला मातीचा बांध घालतात. मावळात किंवा कोकणात कधी गेला असाल, तर अशी खाचरं तुम्ही पाहिलीच असतील.

खाचर अगदी समतल हवं. कुठे उंचवटा राहिला, तर तिथली रोपं कोरडी पडतील. खोलगट राहिलं, तर तिथली बुडतील. पण हे मापायचं कशाने? पाण्यानेच! खाचरात पाणी सोडलं, की जिथे माती वर डोकावते तिथे उंचवटा आहे हे लगेच दिसतं. तेवढी माती ओढून खळग्यात टाकायची की झालं.

पुढची पायरी चिखलणीची. पाण्याने भरलेल्या खाचरात म्हशीला किंवा छोट्या यंत्राला फिरवून माती पार घोळवून काढतात. मातीचे अगदी बारीक कण खाली बसतात आणि जमिनीतली छिद्रं बुजवून टाकतात. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाली एक घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी फार हळू झिरपतं. वरचं खाचर भरलं, की बांधाच्या खाचेतून जास्तीचं पाणी खालच्या खाचरात उतरतं, तिथून त्याच्या खालच्या. वाटेत पाण्याचा वेग कमी झाल्यामुळे त्याने आणलेली सुपीक माती वाहून न जाता शेतातच राहते.

पण थांबा, इतका वेळ पाण्यात उभं राहून भाताची मुळं गुदमरत नाहीत का? बहुतेक पिकांची गुदमरतात. भाताच्या पानांपासून खोडातून मुळांपर्यंत मात्र हवेच्या बारीक पोकळ्या असतात. वरची हवा त्यांच्यातून खाली पोहोचते. बऱ्याच तणांकडे ही सोय नसते, त्यामुळे साचलेल्या पाण्यात पुष्कळ तण उगवतच नाही. इथे भाताची दोन पिकं निघतात. एक मे-जूनमध्ये कापणीला येतं, दुसरं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणून पू लुओंगला कधी गेलात यावर दरी हिरवी दिसेल की पिवळी, हे ठरतं.

ना मोटर, ना बैल

वरच्या खाचरांना पाणी डोंगरातून मिळतं. पण काही शेतं ओढ्याच्या काठावर, ओढ्यापेक्षा उंच असतात. तिथे पाणी खालून वर न्यायचं. वीज नको, डिझेल नको, बैलही नको. कसं जमेल?

चाम नावाच्या ओढ्यावर गेलात, की उत्तर तुमच्यासमोर फिरत असेल. ओढ्यात बांबूची मोठाली चाकं उभी असतात, माणसापेक्षा कितीतरी उंच. चाकाच्या कडेला बांबूच्या कामट्यांच्या विणलेल्या फळ्या लावलेल्या असतात. वाहतं पाणी या फळ्यांना ढकलतं आणि चाक फिरू लागतं. त्याच कडेला एका बाजूने बंद असलेल्या बांबूच्या नळ्या तिरप्या बांधलेल्या असतात. बांबूच्या पेरात आपोआपच बूड असतं, त्यामुळे वेगळं बूड लावायची गरज नाही.

आता एका नळीवर नजर ठेवा. ती खाली ओढ्यात बुडते आणि भरते. चाकाबरोबर वर चढताना तिचं तोंड वरच्या बाजूला असतं, म्हणून पाणी सांडत नाही. चाकाच्या माथ्यावर पोहोचली, की ती कलते आणि पाणी पन्हळीत ओतते. पन्हळीतून पाणी शेताकडे जातं आणि रिकामी नळी पुन्हा खाली येते. रात्र असो, पाऊस असो, कोणी लक्ष देवो न देवो, चाक आपलं फिरतंच.

कोकणातला रहाटही असाच भरभरून पाणी वर आणतो, पण त्याला फिरवायला बैल लागतो किंवा माणूस. इथे ओढाच बैलाचं काम करतो. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. थोडंसं पाणी वर चढवण्यासाठी खूपशा पाण्याला चाकावर जोर लावत खाली वाहून जावं लागतं. म्हणून ओढ्याला धार नसेल तर चाकही थांबतं.

चोरलेला दगड परत

आपल्या पाणी पिणाऱ्या डोंगराने गिळलेलं पाणी कायमचं आतच राहतं का? नाही. बोगद्यांतून वाट काढत ते कुठेतरी झरा होऊन बाहेर येतं. पण येताना विरघळलेली चुनखडीही घेऊन येतं.

हियू गावाच्या धबधब्यावर हा माल परत केला जातो! पाणी उंचावरून आपटतं, त्याचे तुषार उडतात आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो. वायू गेला की चुनखडीला विरघळून राहता येत नाही. ती समोर येईल त्या वस्तूवर बसते, मग ते पान असो, काटकी असो की मुळी. थरावर थर चढत जातात आणि काटकीभोवती दगडाचं वेष्टन तयार होतं. तुमच्याकडे बोअरवेलचं पाणी असेल, तर बादलीवर आणि नळाच्या तोंडावर जमणारे पांढरे डाग बघा. हियूच्या धबधब्यावर चालतं ते याच जातीचं काम.

कड्यावरचं काळं-पांढरं वानर

चुनखडीच्या या कड्यांवर एका दुर्मीळ प्राण्याच्याही नोंदी झाल्या आहेत. डेलाकूरचं वानर त्याचं नाव. ते फक्त व्हिएतनाममध्ये आढळतं. अंग काळंभोर, पण कंबर आणि मांड्या पांढऱ्याशुभ्र. जणू पांढरी चड्डी घातली आहे! त्याची पिल्लं मात्र चक्क नारिंगी. आपल्याकडच्या वानरांसारखीच झाडपाल्यावर जगणारी ही वानरं सरळसोट कड्यांच्या कपारींत आणि गुहांत झोपतात. जगात आता ती काही शेच उरली आहेत. जंगल राखीव करण्यामागे अशा प्राण्यांना वाचवणं हेही एक कारण असतं.

पण या जंगलाचा नकाशा पाहिलात तर एक गंमत दिसेल. राखीव क्षेत्रात दोन्ही डोंगररांगा आहेत, मधली दरी नाही. तिथे माणसं राहतात, शेती करतात. म्हणजे कागदावर जंगल एकीकडे आणि भात दुसरीकडे. पाणी मात्र ही रेघ मानत नाही. जंगलातली माती पाऊस धरून ठेवते आणि सावकाश सोडते, म्हणून पाऊस थांबल्यावरही ओढ्यांत पाणी राहतं. डोंगर उघडे बोडके झाले, तर पाऊस एकदम वाहून जाईल आणि मग ओढा आटेल. वानराच्या घराची राखण झाली, की खाचरांची आणि त्या बांबूच्या चाकांचीही आपोआप होते.

करून बघा

हा सगळा डोंगर तुम्हाला एका ग्लासात पाहता येईल. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, आणि चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या.

पाण्यात थोडा खायचा चुना ढवळून काही तास ठेवा. वरचं नितळ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी, अलगद ओतून घ्या आणि त्यात तिप्पट साधं पाणी मिसळा. आता बाटलीतला थंड, ताजा, बिनचवीचा सोडा थोडा थोडा घाला. पाणी दुधाळ होईल. ही झाली चुनखडी. सोडा घालत राहा. दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा नितळ होईल. ही चुनखडी विरघळली, म्हणजे गुहा झाली! आता तेच पाणी छोट्या भांड्यात मोठ्या माणसाकडून गरम करून घ्या. वायू निघून जाईल आणि पाणी परत गढूळ दिसेल. हा झाला हियूचा धबधबा.

आणि आता डोकं खाजवायला एक प्रश्न. पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो, चाक जोरात फिरतं आणि पन्हळीतून नको तेवढं पाणी शेतात यायला लागतं. चाक न मोडता आणि न काढता शेतात जाणारं पाणी कमी कसं कराल? किमान तीन उपाय शोधा, चित्र काढा आणि आम्हाला पाठवा.